नववी 'ब'ची खाडी

पनवेलच्या आमच्या शाळेत रंजिता घरत विज्ञान शिकवतात आणि मी मराठी. सतरा वर्षं आमचे तास एकाच मजल्यावर आहेत, मधल्या सुट्टीत डबेही एकाच टेबलावर उघडतात. त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार मला कितपत आहे ते ठाऊक नाही, कारण त्यांचं जे झालं त्यात माझा हात आहे. पण दुसरं कोणी लिहिणार नाही.

बाई उरणकडच्या एका आगरी गावातल्या. वडील दिनानाथ घरत मिठागरावर राबायचे. मिठागरं गेली, तिथे आधी कुंपण आलं, मग कंटेनर. बदल्यात भूखंड मिळाला, भावांनी त्यावर इमारत उभी केली आणि ते त्या धंद्यात पडले. बाई बी.एस्सी., बी.एड. करून तासिका तत्त्वावर शिकवत राहिल्या. आठ वर्षांनी कायम झाल्या. लग्नाचं जुळता जुळता राहून गेलं. करंजाड्यात एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात.

प्रयोगाच्या वहीत एखाद्या मुलाने निष्कर्ष गाइडमधून उतरवून आणलेला दिसला की त्या ओरडायच्या नाहीत. त्याला प्रयोग पुन्हा करायला लावायच्या आणि शेजारी उभ्या राहायच्या. "काय दिसायला हवं ते पुस्तकाला माहीत आहे, तुला काय दिसलं ते लिही." एका मुलाने एकदा लिहिलं होतं, 'काहीच झाले नाही.' त्याला दहापैकी दहा मिळाले. ती वही त्यांनी मला मुद्दाम आणून दाखवली होती.

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये आम्हां माध्यमिक शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, प्रकल्पाधारित अध्ययन. प्रशिक्षणात जे चालतं तेच चाललं होतं. पहिल्या रांगेतले लिहून घेत होते, मागचे मोबाइल बघत होते, आणि मी निबंध तपासत होतो. प्रकल्प म्हणजे काय ते आम्हां सगळ्यांना आधीच माहीत होतं. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळे विषय तयार असतात. मुखपृष्ठावर नाव घालायचं, स्पायरल करायचं, आणि आम्ही शेवटच्या पानावर सही करायची. बाईंनी मात्र पाच दिवसांत अख्खी वही भरली. शेवटच्या दिवशी जेवताना मला म्हणाल्या, "सर, हे मी वीस वर्षं करायला बघत होते. आता तर वरून सांगितलंय, आता कोण अडवणार?"

त्यांच्याकडे नववी 'ब'चा वर्ग होता. त्या वर्गात निम्मी मुलं खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बाकीची करंजाड्यातली आणि गावठाणातली. बाईंनी वर्षभराचा एकच प्रकल्प दिला. आपल्या खाडीत पूर्वी काय मिळायचं, आता काय मिळतं, आणि का. पुस्तकातून काही उतरवायचं नाही. विचारायचं, बघायचं, मोजायचं.

त्या वर्गात विनिता होती. तिची आई वेणू करंजाड्यात एका चौकाच्या कोपऱ्यावर मासळी विकायची. विनिता तिसऱ्या बाकावर बसायची आणि माझ्या तासाला दोन वर्षांत तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर निवटी या खाडीतल्या मासळीचं चित्र काढलं, तेव्हा ही मुलगी उठून उभी राहिली. "बाई, तिचे डोळे बाजूला नसतात. वर असतात, डोक्यावर. ती चिखलात चालते ना, म्हणून." बाईंनी तिच्या हातात खडू दिला. तिने चित्र दुरुस्त केलं, कल्ले काढले, आणि ती पुढचे पर चिखलात टेकून उडी कशी घेते तेही दाखवलं. त्या दिवसापासून ती वर्गात बोलू लागली.

विनिताची आजी भीमाबाई हिने एका दुपारी मुलांना ओटीवर बसवून एकोणचाळीस माशांची नावं सांगितली. मुलांनी ती यादी घेऊन बाजारात आणि बांधावर विचारलं. खाडीत अजून मिळणारी निघाली चौदा. जिताडा शेवटचा कधी लागला यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं, तेही मुलांनी लिहून घेतलं. मुलं ती वही मला शुद्धलेखन तपासायला द्यायची, आणि मी कबूल करतो, सतरा वर्षांत माझ्या हाती आलेलं मुलांचं सगळ्यांत चांगलं मराठी त्या वहीत होतं.

जानेवारीत पाणी तपासायचं ठरलं. बाईंनी चाचणीच्या पट्ट्या मागवल्या. आठ ठिकाणचं पाणी बाटल्यांतून आणलं, प्रयोगशाळेच्या ओट्यावर ओळीने मांडलं. एकेक पट्टी बुडवायची, घड्याळ लावायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. शिशाच्या पट्टीला आठपैकी तीन बाटल्यांत रंग आला.

मुलं एकदम बोलायला लागली. आपण काहीतरी शोधलं असं त्यांना वाटलं. विनिता तेवढी डबी उलटसुलट करून बघत होती. तिने विचारलं, "बाई, हे खाऱ्या पाण्याला चालतं का?"

बाईंनी भिंग घेऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली. पट्ट्या पिण्याच्या पाण्यासाठी होत्या. मिठामुळे रंग चुकू शकत होता. "मग आपण काय लिहायचं?" त्यांनी वर्गाला विचारलं. विनितानेच वाक्य सांगितलं आणि ते अहवालात गेलं: 'ही पट्टी गोड्या पाण्यासाठी आहे, खाऱ्या पाण्यात ती चुकू शकते, म्हणून खाडीत शिसे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही; प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवे.'

आता माझा भाग.

आमची शाळा निकालाच्या दिवशी पालकांना वार्तापत्र वाटते. वर्षभरात काय काय झालं त्याची सोळा पानं. ते मी काढतो. त्या वर्षी मला आनंद झाला होता, कारण स्नेहसंमेलन आणि क्रीडादिन सोडून छापण्यासारखं काही हाताला लागलं होतं. बाईंनी दोन पानांचा मजकूर दिला. मधे संस्थेच्या अध्यक्षांच्या सत्काराचा फोटो मोठा घ्यायचा निरोप आला आणि बाईंचं एक पान गेलं. मजकूर निम्मा करावा लागला. भीमाबाईंची नावं ठेवली, निवटीचं चित्र ठेवलं. ते लांबलचक वाक्य रुक्ष वाटलं. ते मी काढलं. आणि वर मथळा दिला, 'आपल्या खाडीत शिसे! नववी ब-च्या विद्यार्थ्यांचा शोध'. बाईंना मजकूर दाखवायला हवा होता. त्या परीक्षेच्या कामात होत्या, मी छापखान्याच्या घाईत होतो.

एक मेला निकाल लागला, वार्तापत्रं वाटली गेली. संध्याकाळपर्यंत त्या पानाचा फोटो करंजाड्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता. बाईंच्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'कोपऱ्यावरच्या कोळणीकडून मासे घेऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. शाळेनेच टेस्ट केली आहे.' त्याखाली आभाराचे हात जोडलेले.

बाईंनी मला फोन केला. आवाज चढवला नाही. "सर, ते वाक्य कुठे गेलं?"

"जागा नव्हती, बाई."

"किती लागली असती?"

"तीन ओळी."

त्यांनी फोन ठेवला.

चार तारखेला वेणू शाळेत आली. मुलांना सुट्टी लागली होती, आम्ही निकालपत्रकं आवरत बसलो होतो. चाळिशीची बाई, पदर खोचलेला, हातात रिकामी टोपली तशीच. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ती दारातच उभी राहून बाईंना म्हणाली, "बाई, तीन दिस झालं, माल तसाच परत नेते. कोनी थांबत नाय. थांबतात ते इचारतात, खाडीचा हाय का."

"तुम्ही काय सांगता?"

"सांगते ना, उरणच्या धक्क्यावरून आनते म्हनून. पापलेट काय खाडीत मिलतं का? पन त्यांना कोळीण दिसते आनि खाडी दिसते." मग ती थांबली. "माज्या पोरीनं लिवलं ते. ती कागद घेऊन सगळ्या वाड्यात फिरली, बघा माझं नाव छापलं म्हनून. आता घरात कोनी तिला काय बोलत नाय, पन तिला समजतं."

बाईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी तिथेच होतो आणि ते वाक्य मी काढलं हे मी तिला सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी छापायच्या आधी बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून बाई वेणूच्या शेजारी जाऊन बसू लागल्या. मे महिन्याचं ऊन, कोपऱ्यावर फाटकी छत्री, आणि माध्यमिक शाळेची विज्ञान शिक्षिका स्टुलावर. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून समजावायच्या, पट्टी कोणत्या पाण्यासाठी असते, मीठ काय करतं, ही मासळी कुठली. लोक ऐकून घ्यायचे. शिकलेली बाई आहे म्हणून मान डोलवायचे. आणि पुढे जाऊन फोनवरून मागवायचे. त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "मॅडम, तुम्हीच टेस्ट केली आणि तुम्हीच आता नाही म्हणता. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? रिस्क कोण घेणार?" वर्गात मुलाने असं विचारलं असतं तर त्यांनी शाबासकी दिली असती.

एकच मार्ग त्यांना दिसत होता. पाणी आणि मासळी खरोखरच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. त्यांनी नवी मुंबईतल्या दोन ठिकाणी चौकशी केली. संस्थेचं पत्र लागेल असं दोन्हीकडे सांगितलं. मुख्याध्यापकांनी पत्र दिलं नाही. "आणि शिसं निघालं तर?" ते म्हणाले. "बाई, आत्ता निदान शंका आहे. निघालं तर वाड्यातल्या सगळ्यांचं काय करणार? आणि नाही निघालं तर शाळेची शोभा. दोन्हीकडून आपलंच नाव." मला त्यांचा राग आला होता. पण तो पहिला प्रश्न खोटा नव्हता. आठपैकी तीन बाटल्यांत रंग आला होता. तो मिठाने आला होता की नव्हता, हे आजही कोणाला माहीत नाही.

मुख्याध्यापकांनी दुसरा उपाय काढला. शाळेच्या लेटरहेडवर खुलासा द्यायचा. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. मी पहिला लिहिला त्यात संपादनातील चूक असं स्पष्ट म्हटलं होतं. तो अध्यक्षांकडून परत आला. संस्थेच्या प्रकाशनात चूक झाली असं जाऊ नये. मग जे ठरलं ते असं होतं: 'सदर चाचणी विद्यार्थ्यांनी अपुऱ्या ज्ञानाच्या आधारे केली असून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.' खाली वर्गशिक्षिकेची सही.

बाईंनी आठवडाभर सही केली नाही. "मुलांनी निष्कर्ष काढलाच नव्हता," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तेवढंच तर त्यांनी बरोबर केलं होतं." मी त्यांना सही करू नका असं म्हणालो नाही. मला माझी सुटका दिसत होती.

शेवटी वेणूच आली. "बाई, लिवा ना काय ते. पोरांचं चुकलं म्हना. पोरांचं काय, पोरं चुकतात."

"वेणूताई, विनिताचं चुकलेलं नाही."

"मला म्हाईत हाय. पन ती पोर हाय, तिला चालंल. मला बाजार चालाया पायजे."

बाईंनी तिथेच सही केली. कागद मला दिला आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

खुलासा आम्ही सगळ्या ग्रुपवर टाकला. तो कोणी पुढे पाठवला नाही. ज्यांनी वाचला त्यांच्यातल्या एकाने लिहिलं, 'दबाव आला असणार.' वेणूचा बाजार परत आला नाही. जूनमध्ये पावसाळी मासेमारी बंद झाली, तिने कोपरा सोडला. पावसाळ्यानंतर ती पुन्हा बसायला गेली तर त्या जागी मोमोची गाडी उभी होती आणि हटायला तयार नव्हती. आता ती करंजाड्यातच एका टॉवरमध्ये जिने पुसायला जाते. कमरेला पट्टा बांधते.

विनिता दहावीत आली. तिसऱ्या बाकावर बसली. ती उद्धट झाली नाही, बाई आल्या की इतरांसारखीच उभी राहायची, विचारलं तर उत्तर द्यायची, तेही पुस्तकातलं, शब्दाला शब्द. बाईंनी पहिल्या आठवड्यात तिला बोलावून घेतलं होतं. काय झालं, ते वाक्य कसं गेलं, सही का केली, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "ठीक आहे, बाई," म्हणाली. तिची मैत्रीण निशा पुढे मला म्हणाली, खुलाशाचा कागद विनिताच्या दप्तरात घडी करून ठेवलेला असतो, ती तो कोणाला दाखवत नाही आणि टाकतही नाही.

दहावीला जलसुरक्षेचा प्रकल्प सक्तीचा असतो. जानेवारीत मुलांनी आणून दिले. विनिताचा गठ्ठ्यात होता. चकचकीत मुखपृष्ठ, 'जल हेच जीवन', आत इंटरनेटवरून काढलेली चित्रं, कुठल्यातरी उत्तरेकडच्या नदीची माहिती. मी त्या वेळी स्टाफरूममध्ये होतो. बाईंनी तिला बोलावलं.

"हे तू केलंस?"

"नाही, बाई. समोरच्या दुकानातून आणलं."

"का गं? तुला तर सगळं येतं."

विनिताने थोडा विचार केला. उर्मटपणा नव्हता तिच्या बोलण्यात, तिला खरंच उत्तर द्यायचं होतं. "यात माझं काहीच नाही ना, बाई. कोणाला काही होणार नाही याने."

बाईंनी शेवटच्या पानावर श्रेणी लिहिली, अ, आणि सही केली. ती गेल्यावर बाकीचा गठ्ठा त्यांनी न उघडता संपवला. अ, सही. अ, सही. मी उठून बाहेर गेलो.

त्याच महिन्यात त्यांना पत्र आलं होतं. प्रकल्पाधारित अध्ययनाच्या नव्या प्रशिक्षणात त्यांनी सुलभक म्हणून, म्हणजे प्रशिक्षण द्यायला, यावं, मागच्या वर्षी त्यांनी उल्लेखनीय काम केल्याचं वार्तापत्रातून कळलं आहे, असं त्यात होतं. मला वाटलं त्या नाही म्हणतील, किंवा तिथे उभ्या राहून खरं सांगतील. त्या गेल्या. तिथे हजर असलेल्या एका शिक्षकाने मला सांगितलं की बाईंनी तिथे मिळालेल्या सगळ्या स्लाइड ओळीने वाचल्या, वेळेत संपवलं. कोणी विचारलं, "मॅडम, तुमचा एखादा अनुभव?" तर म्हणाल्या, "खास काही नाही."

फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ झाला. विनिता आली नाही. परीक्षेचं प्रवेशपत्र तिचं शाळेतच राहिलं होतं. शिपाई नेऊन देतो म्हणाला, पण बाई स्वतः निघाल्या. खुलाशावर सही केल्यापासून त्या वाड्यात गेल्या नव्हत्या.

परत आल्या तेव्हा शाळा सुटत आली होती. मी त्यांची वाट बघत थांबलो होतो. त्या समोर येऊन बसल्या, पर्स मांडीवर धरून.

"भेटली?"

"भेटली. प्रवेशपत्र घेतलं, सही केली, थँक्यू म्हणाली. वेणूताई कामावर होत्या. भीमाबाई होत्या घरी."

"काही बोलल्या?"

"बसा म्हणाल्या. चहा केला. दूध नव्हतं, तर नातीला पाठवून शेजारून आणवलं. माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "सर, त्या बाईने मला दारातून हाकलायला हवं होतं."

बोलण्यासारखं जे होतं ते मी मे महिन्यातच बोलायला हवं होतं, वेणूसमोर, दारात. शिपाई खोल्यांना कुलपं लावत आमच्यापर्यंत आला, तेव्हा बाई उठल्या. करंजाड्याच्या रिक्षा मिळतात तिथपर्यंत आम्ही बरोबर चाललो, आणि त्या मागच्या सीटवर बसून निघून गेल्या.